चोक ठेवायचा की काढायचा?

"काढून टाकू ते लफडं. एक केबल ओढू, डॅशबोर्डखाली बटण देऊ, विषय संपला."

काकांनी निकाल दिला तेव्हा १९७१ च्या फोक्सवॅगन बीटलचं मागचं झाकण उघडं होतं आणि एअर क्लीनर उतरवून बाजूला ठेवला होता. पुण्यातली जानेवारीची सकाळ, इंजिन रात्रभर थंड पडलेलं. काकांची उभी हयात नाना पेठेजवळच्या गॅरेजात पद्मिनी आणि अँबॅसिडर दुरुस्त करण्यात गेली. पुतणी चाकणच्या एका कारखान्यात इंजिन कॅलिब्रेशन करते. थंड इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे गाडीतल्या कॉम्प्युटरला शिकवणं, हे तिचं रोजचं काम. जुन्या परदेशी गाडीचा ऑटोमॅटिक चोक अडला की असे दोन पक्ष हमखास उभे राहतात. एक म्हणतो काढा, दुसरा म्हणतो आधी समजून घ्या. इथे ते एकाच घरातले होते.

"काका, तो खरंच बिघडलाय का, ते तरी आधी बघू."

"बिघडलाय म्हणूनच गाडी आली ना इथं? सकाळी तीन-तीन सेल्फ मारावे लागतात. सुरू झाली की काळा धूर. दोन-तीन किलोमीटर गेली की मग शहाण्यासारखी चालते. मालक म्हणतो, पेट्रोल पिते. अजून काय बघायचं राहिलं?"

थंड इंजिनाची अडचण शाळेतल्या विज्ञानाइतकी सोपी आहे. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, जळते ती त्याची वाफ. गरम इंजिनात वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असं प्रमाण पुरतं. थंडीत मात्र पेट्रोलचे थेंब मॅनिफोल्डच्या गार भिंतींना चिकटतात आणि सिलिंडरपर्यंत वाफ पोचते ती थोडीशीच. म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक झडप मिटून हवा अडवायची आणि पिस्टनच्या ओढीने जेटमधून जादा पेट्रोल खेचून घ्यायचं. चेतक स्कूटरचा चोक ओढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ऑटोमॅटिक चोकमध्ये ती झडप कधी मिटायची आणि किती वेगाने उघडायची हे चालकाऐवजी एक स्प्रिंग ठरवते.

ही स्प्रिंग म्हणजे द्विधातू पट्टीची गुंडाळी. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणारे दोन धातू पाठीला पाठ लावून जोडलेले असतात. तापमान बदललं की पट्टी वाकते आणि गुंडाळी उलगडते किंवा आवळते. मूळ कल्पना अठराव्या शतकातली. समुद्रावर अचूक वेळ दाखवणारी घड्याळं बनवणाऱ्या जॉन हॅरिसनने आपल्या तिसऱ्या घड्याळात ती वापरली, तापमान बदललं तरी घड्याळ मागेपुढे होऊ नये म्हणून. मोटारीच्या चोकमध्ये ती आली १९३० च्या दशकात. अमेरिकेत ओल्डस्मोबिलने १९३२ साली ऑटोमॅटिक चोक दिला आणि पुढे तिकडच्या गाड्यांतून हाताने ओढायचं बटण हळूहळू नाहीसंच झालं. फोक्सवॅगनने बीटलला हा चोक बसवला तो ऑगस्ट १९६० पासून, म्हणजे १९६१ च्या मॉडेलपासून.

काकांचा रोख या स्प्रिंगवरच होता.

"त्या स्प्रिंगला इंजिनातलं काय कळतं, सांग बरं. अमेरिकन गाडीत निदान सायलेन्सरकडची गरम हवा तरी चोकपर्यंत येते. हिच्यात काय? किल्ली फिरवली की चोकच्या कॅपमधल्या हीटरला करंट जातो, स्प्रिंग तापते आणि दोन-तीन मिनिटांत झडप उघडी. इंजिन गरम झालंय की नाही, कोण विचारतो? भाजी घ्यायला अर्धा तास गाडी उभी केली तर ती कॅप गार होते आणि इंजिन गरमच असतं. परत सेल्फ मारला की गरम इंजिनावर अर्धा चोक. गाडी गुदमरणार नाही तर काय?"

पुतणीने हे नाकारलं नाही. नाकारण्यासारखं ते नव्हतंच. बीटलचं इंजिन हवेने थंड होतं, त्यात गरम पाणी नाही. म्हणून वोल्फ्सबुर्गच्या अभियंत्यांनी विजेचा हीटर निवडला, आणि हा हीटर इंजिनाची उष्णता मोजत नाही, एक प्रकारे वेळच मोजतो. किल्ली चालू ठेवून गाडी सुरू न करता दोन मिनिटं गप्पा मारल्या, तरी झडप उघडून बसते आणि मग थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं. हा दोष खरा आहे आणि बीटल चालवणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवला पाहिजे.

"पण काका, माणूस तरी कुठे इंजिनाची उष्णता मोजतो? तोही अंदाजच करतो. आणि बटण आत ढकलायला विसरतो. पद्मिनीच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आलेला तुम्हीच सांगता ना?"

"येतो तर! चोक ओढून स्वारगेटपासून खडकीपर्यंत आलेले लोक बघितलेत मी. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, रिंगा घासतात, खाली ऑइल पातळ होतं. पण ती चूक माणसाची."

"म्हणजे यंत्र चुकलं की यंत्र काढायचं, आणि माणूस चुकला की माणसाला सांभाळून घ्यायचं?"

काकांनी उत्तर द्यायचं टाळून कार्ब्युरेटरकडे बोट केलं. "बघ तुझं तू."

आणि तिने बघायला सुरुवात केली. खरं तर वाद इथेच सुरू व्हायला हवा होता. चोकविषयीची बहुतेक भांडणं कॅपला हात न लावता होतात, किंवा कॅप फिरवून झाल्यावर. झडप काय करते आहे ते पाहायला कुणी थांबत नाही.

एअर क्लीनर काढल्यावर सोलेक्स ३४ पीआयसीटी-३ कार्ब्युरेटरच्या तोंडात पितळी झडप स्पष्ट दिसते. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनावर ती मिटलेली असायला हवी होती. होती अर्धवट उघडी. काकांनी विजयी मुद्रेने मान हलवली. पुतणीने हाताने थ्रॉटलचा लिव्हर एकदा पूर्ण दाबून सोडला आणि झडप खट्‌कन मिटली.

यात जादू काही नाही. चोकच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांचा एक कॅम असतो आणि थ्रॉटलचा स्क्रू त्याच्या पायरीवर टेकलेला असतो. चोक लागलेला असताना इंजिन जरा जास्त रेसवर चालावं, यासाठी ही सोय. पण तो स्क्रू टेकलेला असेपर्यंत स्प्रिंगने कितीही ओढलं तरी झडप हलत नाही. म्हणून थंड गाडी सुरू करण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा असतो. स्क्रू उचलला जातो, झडप मिटते, शिवाय पंपातून पेट्रोलची एक धारही आत जाते. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायची गरजच नसते. नव्या गाड्या चालवलेला माणूस बीटलमध्ये बसतो, नुसती किल्ली फिरवतो आणि तीन सेल्फ मारून वैतागतो. चोकचा यात काडीचाही दोष नाही.

"हे मालकाला सांगायला हवं," काका म्हणाले. "पण काळ्या धुराचं काय?"

त्यासाठी कॅप बघावी लागली. गोल चकती, तीन स्क्रूंच्या रिंगने धरून ठेवलेली, आत हीटर आणि गुंडाळी. कडेला एक खूण, आणि कार्ब्युरेटरच्या अंगावर तीन रेषा. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा खूण मधल्या रेषेशी जुळवलेली असते. इथे ती शेवटच्या रेषेच्याही पलीकडे फिरवलेली होती, चोक जास्तीत जास्त आवळला जाईल त्या बाजूला. आधीच्या कुणीतरी 'सकाळी सुरू होत नाही' हे ऐकलं असणार आणि कॅप फिरवली असणार. अ‍ॅक्सिलरेटर न दाबल्यामुळे झडप तरीही मिटली नाही. आणि कधी दाबला गेला तर ती इतकी घट्ट मिटली की उघडायला उशीर झाला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

पण तेवढ्याने धुराचा पूर्ण उलगडा होत नव्हता. गाडी सुरू झाल्याबरोबर मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमने एक छोटा डायफ्राम ओढला जातो आणि तो झडप काही मिलिमीटर उघडतो. सुरू करायला पूर्ण मिटलेली झडप लागते, सुरू झालेलं इंजिन चालायला मात्र थोडी फट लागते. ती फट हा डायफ्राम देतो. काकांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबून सेल्फ मारला. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली आणि लगेच भक्‌भक् करत काळा धूर सोडू लागली. झडप जागची हलली नव्हती. इंजिन बंद करून पुतणीने डायफ्रामच्या झाकणाचे स्क्रू काढले, आतली स्प्रिंग उडून जाऊ नये म्हणून झाकणावर अंगठा दाबून धरला. आतलं रबर कडेला चिरलेलं होतं, हाताला ताठ आणि ठिसूळ लागत होतं.

"इथेनॉल," काका म्हणाले. "हल्लीचं पेट्रोल रबर खातं."

या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने तो गांभीर्याने घ्यावा असा आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. अर्ध्या शतकापूर्वीच्या रबरी नळ्या, डायफ्राम, पॅकिंग हे सगळं साध्या पेट्रोलसाठी बनलेलं. इथेनॉलने त्यातलं काही फुगतं, काही कडक होऊन चिरतं. दुसरी गोष्ट थेट चोकशी निगडित आहे. इथेनॉलची वाफ व्हायला तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून सकाळच्या गारव्यात गाडी आणखी कुरकुरते. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून आलेलं मिश्रण इंजिनाच्या दृष्टीने लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, ठरतं. १९७१ साली ठरवलेली मधली रेषा आजच्या पेट्रोलला जराशी कमी पडू शकते, हे कॅलिब्रेशनवाल्या पुतणीनेच सांगितलं. काकांना ते मनापासून पटलं.

पटलं म्हणून त्यांनी मूळ मुद्दा सोडला असं नाही. "ही स्प्रिंग जर्मनीच्या थंडीसाठी बनवलीय. आपल्याकडे थंडी असते किती? मुंबईत तर चोक लागतोच कुठे? उमेदवारी करत होतो तेव्हा ग्रँट रोडच्या गॅरेजात इंपाला यायच्या. चोकची कॅप उघडली की आत काजळीच काजळी. उस्ताद म्हणायचे, झडप तारेने उघडी बांध आणि गाडी दे पाठवून. कुणाची तक्रार आली नाही."

काकांच्या म्हणण्यात वजन आहे. मुंबईत जानेवारीतही पहाटेचा पारा सरासरी १६-१७ अंशांच्या आसपास असतो. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ अंश, तोही २७ जानेवारी १९६२ चा. अशा शहरात जेमतेम अर्धा मिनिट चोक लागतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबून रेस धरली तर तेवढाही लागत नाही. पण पुणं म्हणजे मुंबई नव्हे. १७ जानेवारी १९३५ ला इथे १.७ अंशांची नोंद झाली होती, आणि आजही हिवाळ्यात पारा दहाच्या खाली येणाऱ्या सकाळी असतात. नाशिक, निफाड, महाबळेश्वरची गोष्ट तर सोडाच.

आणि इंपालाच्या काजळीचं कारण वेगळंच होतं. त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्यांत एक बारीक नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून जाते. तिच्यातली स्वच्छ हवा तापून चोकच्या कॅपमध्ये ओढली जाते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या नळीला भोक पडलं की स्वच्छ हवेऐवजी धूर आत शिरतो, काजळी साचते आणि आतला पिस्टन अडकून बसतो. नळी बदलली असती तर चोक पुन्हा चालला असता. पुतणीने हे सांगितलं तेव्हा काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "नळी तेव्हा मिळत नव्हती, पोरी. आयातीवर बंदी. तारच मिळत होती."

हे वाक्य मोलाचं आहे. आपल्याकडच्या मिस्त्रींनी कित्येक दशकं चोक, थर्मोस्टॅट, व्हॅक्यूमच्या नळ्या काढून टाकल्या त्या अडाणीपणाने नव्हे. सुटा भाग मिळायचा नाही, गाडी उद्या चालायला हवी असायची, आणि काढून टाकल्याने ती चालायची. ज्या पिढीने तारेवर गाड्या जिवंत ठेवल्या तिच्यामुळेच आज जपायला गाड्या उरल्या आहेत. पण ती अडचण आता राहिलेली नाही. बीटलच्या कार्ब्युरेटरचे डायफ्राम, चोकच्या कॅप, पॅकिंगचे संच आजही नवे बनतात आणि घरबसल्या मागवता येतात. तेव्हाचा नाइलाज आजही रीत म्हणून चालवण्याचं कारण नाही.

"आता उष्ण हवेचं," पुतणी म्हणाली. "स्प्रिंग थंडीसाठी बनवलीय म्हणता, पण तिचं वागणं बघा ना. वीसेक अंशांना झडप जेमतेम मिटेल अशी ती बसवायची असते. मुंबईत मे महिन्यात पहाटे २७-२८ अंश असतात, तेव्हा स्प्रिंग आपोआप सैल राहते, झडप थोडी उघडी राहते. जेवढी थंडी तेवढा चोक. उष्ण हवेत तिचा त्रास काय?"

"मग इकडच्या गाड्यांचा चोक इतका त्रास का देतो?"

"कारण तो मे महिन्यात सेट करतात."

सगळ्या वादाचं मर्म याच उत्तरात होतं. गाडी उन्हाळ्यात गॅरेजला येते, दुपारी, इंजिन कोमट. मिस्त्री एअर क्लीनर काढतो, झडप उघडी दिसते. ती त्या हवेला उघडीच असायला हवी. पण त्याला वाटतं चोक लागत नाही, म्हणून तो कॅप फिरवून झडप मिटवतो. ३५ अंशांना मिटणारी झडप डिसेंबरात १२ अंशांना किती घट्ट बसेल? मग हिवाळ्यात काळा धूर, ओले प्लग आणि 'ऑटोमॅटिक चोक आपल्या हवेला चालत नाही' हा निष्कर्ष. चोक सेट करायचा तो रात्रभर थंड पडलेल्या इंजिनावर, पहाटे, आणि थर्मामीटर बघून. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यासाठी उत्तम काळ.

काकांनी आपला शेवटचा हुकमी पत्ता काढला. "जॅग्वार घे. एक्सके १२० ला ऑटोमॅटिक चोक होता. थंडीत सुरू करायला वेगळा छोटा कार्ब्युरेटर, त्याला सोलेनॉइड, आणि तो चालू-बंद करायला पाण्याच्या उष्णतेवर चालणारा स्विच. लोकांनी काय केलं? डॅशबोर्डखाली साधं बटण बसवलं आणि सोलेनॉइड हाताने चालू-बंद करायला लागले. खुद्द इंग्लंडात. शेवटी हातच लागतो."

ते खरंच आहे. १९४८ साली आलेल्या त्या गाडीचा थर्मोस्टॅटिक स्विच साधारण पस्तीस अंशांपर्यंत जादा पेट्रोल देतच राहायचा, इंजिनाला गरज नसली तरी. चालकांनी मध्ये आपला स्विच घातला.

"पण काका, त्यांनी काढून काय टाकलं? काहीच नाही. सोलेनॉइड तिथेच, छोटा कार्ब्युरेटर तिथेच. दोन वायरी परत जोडल्या की गाडी कारखान्यातून आली तशी. तुम्ही कॅप काढून फेकणार आणि डॅशबोर्डला भोक पाडणार. शिवाय हिचं इंजिन मागे. पार पुढून मागपर्यंत केबल न्यायची, ती मध्ये मुरडली तर चोक अर्ध्यातच अडकणार."

मूळ स्वरूप हा इथे नुसता हौसेचा मुद्दा राहत नाही, त्याला कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ लोटलेली, मूळ स्वरूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते आणि तिला 'व्हीए' अक्षरं असलेला क्रमांक मिळतो. चोक बदलला म्हणून कुणी नोंदणी नाकारेल असं नाही. तो मोठा फेरफार नव्हे. पण अशा लहानलहान बदलांची रांग लागली की गाडी मूळची राहत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ साली ट्युरिन सनद मंजूर केली. तिचं सांगणं व्यवहारी आहे: बदल करावाच लागला तर तो उलटवता येईल असा करा आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवा.

काकांना सनदेत रस नव्हता, पण भाग जपून ठेवण्याची गोष्ट त्यांना रुचली. "ते मात्र बरोबर. आमच्या उस्तादांनी फेकलेल्या कॅपा आज असत्या तर..." एवढं बोलून ते पान्हा शोधायला गेले.

डायफ्राम येईपर्यंत काही दिवस गेले. तोवर पुतणीने बाकीचं तपासून घेतलं. कॅपवर १२ व्होल्टचा शिक्का आहे ना ते पाहिलं. जुन्या ६ व्होल्टच्या गाडीची कॅप १२ व्होल्टवर लावली तर हीटर भलत्या वेगाने तापतो आणि झडप वेळेआधी उघडते. इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवरून येणाऱ्या वायरीला टेस्ट लॅम्प लावून करंट पाहिला. ही वायर निघालेली असली तर झडप वेळेवर उघडत नाही, धूर येतच राहतो आणि लोक मात्र कॅप फिरवत बसतात. झडपेच्या दांड्यावरचा चिकट थर क्लीनरने धुतला आणि त्यावर ऑइलचा थेंबही टाकला नाही. ऑइलवर धूळ बसते आणि महिनाभरात दांडा पुन्हा जड होतो.

अजून एक गोष्ट सापडली. पंख्याच्या घरातल्या हवेच्या झडपा चालवणारा थर्मोस्टॅट कुणीतरी कधीच काढून टाकला होता. उष्ण देशांत हे सर्रास होतं. त्याने इंजिनाला पहिल्या मिनिटापासून पूर्ण वारा लागतो, ते उशिरा तापतं, आणि चोकचा हीटर मात्र आपल्या वेळेवर झडप उघडून मोकळा होतो. चोक सुटला पण इंजिन अजून थंड, अशा अवस्थेत गाडी सिग्नलला झटके देते. दोष पुन्हा चोकवरच जातो. इनटेक मॅनिफोल्डला ऊब देणारी एक्झॉस्टची बारीक नळी कार्बनने चोंदलेली असली तरी हेच होतं, आणि पावसाळ्यातल्या दमट गारठ्यात लोणावळ्याच्या घाटात मॅनिफोल्डवर बाहेरून दव, आतून बर्फ धरू शकतं.

नवा डायफ्राम बसला. आता कॅपची पाळी. पुतणीने ती पुन्हा लावताना गुंडाळीच्या टोकाचा आकडा झडपेच्या लिव्हरमध्ये अडकल्याची खात्री केली. हा आकडा चुकून बाहेर राहणं ही कॅप लावतानाची नेहमीची चूक. बाहेरून सगळं नीट दिसतं आणि चोक मुळीच लागत नाही. खूण मधल्या रेषेवर आणली, तीन स्क्रू हलकेच आवळले. जास्त आवळले तर चकती तडकते. पारा अकरा अंशांवर होता. थ्रॉटल एकदा दाबला, झडप मिटली. सेल्फ मारला, इंजिन लागलं, आणि त्याच क्षणी डायफ्रामने झडप थोडी ओढून फट दिली. धूर नाही. पुढच्या तीन मिनिटांत ती हळूहळू सरळ उभी राहिली, कॅमच्या पायऱ्या एकेक करून सुटल्या आणि इंजिन स्लोवर आलं.

काका शेजारी उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच स्क्रू सैल करून कॅप अगदी जराशी चोकच्या बाजूला सरकवली. "या पेट्रोलला एवढं लागतं," ते म्हणाले. पुतणीने हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी हाफ सेल्फमध्ये सुरू झाली.

मुंबईच्या गाड्यांबद्दल काकांचं मत आजही बदललेलं नाही. तिथे चोक अडला, भाग मिळत नसला आणि मालक रोज गाडी काढत असला, तर ते केबलच घालणार. फक्त काढलेली कॅप, रिंग आणि तीन स्क्रू आता ते डबीत घालून मालकाच्या हाती देतात.

तुमच्या अंगणात अशी एखादी गाडी असेल, तर 'ऑटोमॅटिक चोक आपल्याकडे चालत नाही' असं कुणी म्हटल्यावर लगेच होकार देऊ नका. येत्या हिवाळ्यात एका पहाटे गाडी सुरू करण्याआधी एअर क्लीनर उतरवा, अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबा आणि झडप मिटते का ते स्वतः बघा. मग वायरीत करंट आहे का आणि सुरू झाल्याबरोबर डायफ्राम झडप ओढतो का ते पाहा. हे सगळं पाहून झाल्यावरच कॅपच्या स्क्रूला हात लावा, आणि हात लावण्याआधी तिची सध्याची जागा खडूने आखून ठेवा.